गारठ्यात हायड्रा का ओरडतो?

डिसेंबरातली सकाळ, पावणेसात. नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्याच्या गेटबाहेर हायड्रा, म्हणजे वजन हुकाला घेऊन चाकांवर फिरणारी क्रेन, रात्रभर उघड्यावर उभा होता. ऑपरेटर मामा कानटोपी सावरत केबिनमध्ये चढतात, दोन-तीन सेल्फ मारल्यावर इंजिन पकडतं. लगेच बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, वर घ्यायला लिव्हर ओढली की मागून आवाज सुरू होतो, पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखा. दहा वाजेपर्यंत त्याचा मागमूसही उरत नाही. म्हणून कुणी मनावर घेत नाही. ‘थंडीचं ओरडतंय’ म्हणतात आणि कामाला लागतात.

निदान अगदी बरोबर आहे. मात्र त्या ओरडण्याचं बिल मे महिन्यात येतं, तेव्हा ही सकाळ कुणाला आठवत नाही.

मी गेली वीसेक वर्षं सातपूर, अंबड, सिन्नर या पट्ट्यात वजन उचलणारी यंत्रं सांभाळतो. हायड्रा, मोठ्या मोबाइल क्रेन, शेडमधल्या ईओटी (छताखालच्या रुळांवर चालणाऱ्या विजेच्या क्रेन), फोर्कलिफ्ट, चेनब्लॉक, जे समोर येईल ते. हिवाळा लागला की ठरलेले फोन येतात आणि त्यातले निम्मे सकाळी सात ते नऊच्या दरम्यान. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो’ हे वाक्य तर प्रत्येक फोनमध्ये असतंच. खरं आहे, नाशिकला बर्फ पडत नाही. निफाडचा पारा पाच अंशांखाली गेला की पेपरात द्राक्षबागांमधल्या शेकोट्यांचे फोटो येतात आणि आठवडाभराने सगळं विसरलं जातं. शहरात सकाळी आठ-दहा अंश, दुपारी अठ्ठावीस-तीस. यंत्राला छळतो तो हाच वीस अंशांचा झोका, आणि त्यात सकाळी दाट झालेलं तेल.

आधी तेल

हायड्रॉलिक तेलाच्या डब्यावर ‘व्हीजी ६८’ किंवा ‘व्हीजी ४६’ असं छापलेलं असतं. ते तेल किती दाट आहे याचं हे माप, पण ४० अंश तापमानाला घेतलेलं. आठ-दहा अंशांवर तेच ६८ चं तेल जवळपास सहा पट दाट होतं. डबा तोच, तेल तेच, पण सकाळी सातला टाकीत जणू दुसराच माल भरलेला असतो.

आता पंपाचं बघा. पंप तेल ओढतो असं आपण म्हणतो, पण तो फक्त आपल्या तोंडाशी पोकळी करतो. त्या पोकळीत तेल ढकलण्याचं काम बाहेरची हवा करते आणि हवेचा दाब एका चौरस सेंटिमीटरला जेमतेम एक किलो. त्याहून जास्त जोर कुठून आणणार? घट्ट लस्सी बारीक स्ट्रॉने ओढून बघा. गाल आत जातात, स्ट्रॉ चपटी होते आणि लस्सी येते थेंबभर. पंपाचंही तसंच होतं. पुरेसं तेल पोचत नाही, मग आलेल्या तेलातच पोकळ बुडबुडे तयार होतात. ते दाबाच्या बाजूला गेले की फुटतात आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा धातूवर सुईच्या टोकाएवढी हातोडी मारतो. डब्यातल्या खड्यांचा आवाज येतो तो याचा. पंप खोलला की आतल्या प्लेटवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात.

त्या खड्ड्यांमुळे पंपाच्या आत फट पडते. हिवाळ्यात तेल दाट असतं, फटीतून फारसं निसटत नाही, म्हणून काम चालून जातं. मे महिन्यात तेल पातळ झालं की दाब टिकत नाही. तेव्हा फोन येतो, ‘गरम झाल्यावर मशीन दम सोडतंय.’ मालक ऊन्हाला दोष देतो. दुखणं लागलेलं असतं डिसेंबरात.

उपाय फुकटचा आहे. इंजिन चालू झाल्यावर पाच मिनिटं आयडलला राहू द्यायचं. मग हलक्या रेसवर, हुकाला काही न लावता, एकेक हालचाल अर्ध्यापर्यंत नेऊन परत आणायची: बूम वर-खाली, बूम बाहेर-आत, विंच, स्टीअरिंग. सिलिंडर शेवटपर्यंत नेऊन तिथेच लिव्हर दाबून धरायची नाही. त्याने रिलीफ व्हॉल्व्हजवळचं (दाब वाढला की तेल परत सोडणाऱ्या झडपेजवळचं) तेल तापतं आणि टाकीतलं थंडच राहतं. टाकीला हात लावला की कोमट लागलं पाहिजे. नाशिकच्या थंडीत याला पंधरा-वीस मिनिटं लागतात.

याच वीस मिनिटांवर रोज वाद होतो.

“मामा, जरा गरम होऊ द्या की.”

“अरे, पार्टी सातपासून उभी आहे. तासाचं भाडं चालू झालंय. तू सांग त्यांना.”

मामांचं चुकत नाही. तासाच्या भाड्यात गरम होण्याची वीस मिनिटं कुणी मोजायची, हे ठरलेलंच नसतं. माझं मत विचाराल तर ती मशीनमालकाची असतात आणि ऑपरेटरला साडेसहाला बोलावून ती त्याला वेगळी द्यायला हवीत. मी एका मालकाला हे पटवू शकलो. बाकीचे चहा पाजतात आणि विषय बदलतात.

‘मग हिवाळ्यापुरतं पातळ तेल टाकू का?’ असंही विचारतात. नाशिकच्या सहा-आठ आठवड्यांच्या थंडीसाठी सगळं तेल बदलण्यात अर्थ नाही. मशीनच्या पुस्तिकेत ४६ चालतं असं लिहिलं असेल, तर पुढच्या वेळी तेल बदलताना ४६ चं, हाय व्हीआय प्रकारातलं घ्या. व्हीआय जास्त म्हणजे तापमान बदललं तरी तेलाचा दाटपणा कमी बदलतो. सकाळी ते फार आळसावत नाही आणि दुपारी फार पातळ होत नाही. दोन कंपन्यांची तेलं मात्र एकत्र ओतू नका. इंजिन ऑइलचा प्रश्न आपल्याकडे नाहीच म्हटलं तरी चालेल. ‘१५ डब्ल्यू ४०’ मधला डब्ल्यू हिवाळ्याचाच आहे आणि ते तेल इथल्या थंडीला डोळे झाकून पुरतं.

बॅटरी आणि डिझेल

बॅटरीच्या आत रसायनांची देवाणघेवाण चालते आणि गारठ्यात ती मंदावते. शून्य अंशाला चांगल्या बॅटरीच्याही ताकदीचा पाचातला एक हिस्सा तरी कमी होतो. त्याच वेळी इंजिन ऑइल दाट असल्यामुळे सेल्फला जास्त जोर लागतो. दोन्हीकडून मार. त्यामुळे ऑक्टोबरात कशीबशी चालणारी बॅटरी डिसेंबरात उघडी पडते आणि बिचाऱ्या थंडीवर आळ येतो. नोव्हेंबर लागला की हायड्रोमीटरने एकेका खान्याचं पाणी तपासा. १.२६५ च्या आसपास असेल तर भरलेली, १.१९० म्हणजे अर्धी. एकच खाना बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर ती बॅटरी गेली, तिच्यावर चार्जरची वीज घालवू नका. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा फुलोरा गरम पाण्याने धुऊन वर पेट्रोलियम जेली लावा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

डिझेलचं समजायला न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली आठवा. थंडीत ती गोठते आणि आंघोळीआधी गरम पाण्यात उभी करावी लागते. डिझेलमध्येही मेण असतं. पारा उतरला की त्याचे कण वेगळे होतात आणि आधी फिल्टरच्या जाळीवर बसतात. टाकी भरलेली, पण इंजिनपर्यंत डिझेल नाही. भारतीय मानक आयएस १४६० यात ऋतूप्रमाणे फरक करतं: हिवाळी डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहिलं पाहिजे, उन्हाळी डिझेलला ही मर्यादा १८ अंशांची आहे. प्रत्यक्षात मिळणारा माल बरेचदा यापेक्षा चांगला असतो. पण सप्टेंबरात भरून ठेवलेलं बॅरल जानेवारीत निफाड-लासलगावकडच्या साइटवर उघडलं आणि पहाटे पारा चार-पाचवर आला, तर फिल्टर तुंबू शकतो. पंपावरचं ताजं डिझेल वापरलं तर बहुतेक वेळा हा प्रश्नच येत नाही.

जुने लोक दोन जुगाड सांगतील. डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचं, किंवा एअर फिल्टरजवळ पेटता बोळा धरायचा. पूर्वीच्या ढोबळ इंजिनांनी हे सोसलं. आताच्या इंजिनांचे इंजेक्टर डिझेलच्याच वंगणावर जगतात, रॉकेलने ते कोरडे पडतात. पेटत्या बोळ्याबद्दल एवढंच सांगतो की त्याच मशीनवर खाली हायड्रॉलिक तेलाचे ओघळ असतात. स्टार्टिंग स्प्रेसुद्धा ज्या इंजिनात हीटर किंवा ग्लो प्लग आहे तिथे मारायचा नाही. तापलेल्या तारेवर तो भडकतो आणि आत स्फोट होतो.

संध्याकाळी टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीतली हवा रात्री गार होते, तिच्यातली वाफ पत्र्यावर पाणी होऊन बसते आणि डिझेलच्या तळाशी जाते. एअर ब्रेकच्या टाकीचंही तेच. तिचा ड्रेन कॉक रोज सोडला की कपभर तांबूस पाणी निघतं. दोन आठवडे सोडला नाही तर तेच पाणी ब्रेकच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन गंज धरतं. पाच सेकंदांचं काम आहे, पण हेल्परला वाकावं लागतं, म्हणून राहून जातं.

न गळणारी गळती

हा प्रसंग सिन्नरकडच्या एका शेडचा. केंची, म्हणजे छपराचा पत्रा पेलणारी लोखंडी चौकट, चढवायची होती. दुपारभर हायड्राने काम करून तेल चांगलं तापलेलं. संध्याकाळी पाचच्या सुमारास शेवटची केंची एका कॉलमला बोल्टने धरली आणि दुसऱ्या टोकाची भोकं जुळेनात, म्हणून खलाशी (वजन जागेवर बसवणारे कामगार) गॅस कटर आणायला गेले. डिझेल वाचवायला ऑपरेटरने इंजिन बंद केलं. केंची हुकाला तशीच. मी तिथेच उभा होतो आणि काही बोललो नाही, हे कबूल करतो.

तासाभराने पाहिलं तर दुसरं टोक चार बोटांहून जास्त खाली आलेलं आणि पहिल्या बाजूचा एकुलता बोल्ट वाकायला लागलेला. सगळ्यांनी एकच निदान केलं: सिलिंडर पास होतोय, म्हणजे आतून तेल निसटतंय, ते अडवणारा लॉक व्हॉल्व्ह गेला. रात्री व्हॉल्व्ह खोलला, सील बदलले, दुसऱ्या दिवशी तपासलं. जुन्या सीलला काही झालेलं नव्हतं. तेलाचा एक थेंबही कुठून निसटला नव्हता.

तेल आक्रसलं होतं. खनिज तेल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के आकुंचतं. हा आकडा किरकोळ वाटतो, म्हणून मी कागदावर मांडून बघितलं. बूम उचलणाऱ्या सिलिंडरमध्ये तेलाचा स्तंभ १.२ मीटर उंच आहे असं धरा. तासाभरात तेल ५५ वरून ३५ अंशांवर आलं, म्हणजे २० अंश, म्हणजे १.४ टक्के. १.२ मीटरचे १.४ टक्के म्हणजे जवळपास १७ मिलिमीटर. पण सिलिंडर बूमला बुडाशी धरतो आणि हुक असतो टोकाला. तरफेचं गणित: टोक सहा पट लांब असेल तर १७ चे होतात १०० मिलिमीटर. दहा सेंटिमीटर. आमच्या केंचीने नेमका तेवढाच हिशेब दाखवला होता.

व्हॉल्व्ह कितीही घट्ट असला तरी हे थांबत नाही, कारण व्हॉल्व्ह तेलाला अडवतो, तापमानाला नाही. बाहेर काढलेल्या टेलिस्कोपिक बूममध्येही हेच घडतं: बूम आपोआप आखडते, मग दोर ताणला जातो. मोठ्या क्रेनच्या पुस्तिकेत यासाठी वेगळा तक्ता दिलेला असतो. मुळात वजन हुकाला ठेवून ऑपरेटरने केबिन सोडायचीच नाही हा नियम बाराही महिन्यांचा आहे. पण जुळवणीच्या कामात वजन बराच वेळ धरून ठेवावं लागतं, आणि नाशिकच्या हिवाळ्यात साडेचारनंतर गारवा इतक्या झपाट्याने उतरतो की बूमवर लक्ष ठेवायला एक माणूस लागतोच. रात्रभर आउटरिगरवर (जॅक लावलेल्या बाजूच्या पायांवर) उभ्या ठेवलेल्या क्रेनची पाणसळ सकाळी पुन्हा बघायची, तीही याच कारणाने. जॅकमधलं तेलही आक्रसतं, आणि चारही जॅक सारखे बाहेर नसतील तर सारखं आक्रसत नाही.

टायरची हवाही याच जातीची. दुपारी तीस अंशांना १०० पीएसआय भरलेला टायर पहाटे आठ अंशांवर आठेक पीएसआयने उतरतो, पंक्चर नसताना. ट्रकवाल्याला फार फरक पडत नाही. हायड्रा मात्र वजन हुकाला घेऊन टायरवरच चालतो. एका बाजूचा टायर आधीच थोडा कमी असेल तर बूमचं टोक त्या बाजूला झुकतं. हवा सकाळी, चालवण्याआधी मोजायची. दुपारी तापलेल्या टायरमधून ‘जास्त झाली’ म्हणून सोडून देऊ नये.

शेडच्या आत

ईओटीवाले म्हणतात, आमची क्रेन छपराखाली आहे. छपराखालीच आहे, पण पत्र्याच्या. गिअरबॉक्समधलं तेल हायड्रॉलिक तेलापेक्षा कितीतरी दाट, व्हीजी २२० किंवा ३२०. पहिल्या पाळीत ते इतकं जड असतं की मोटर ओव्हरलोडवर ट्रिप होते. इलेक्ट्रिशियन मग मोटर वाचवणाऱ्या रिलेची सेटिंग वाढवतो आणि वर्षभर ती तशीच राहते. हे करू नका. रिकाम्या हुकाने दोन फेऱ्या मारा, मोटर सुटते.

ब्रेककडे जास्त लक्ष हवं. बऱ्याच ईओटींना थ्रस्टर ब्रेक असतो. लहानशी मोटर तेल ढकलून ब्रेकचे बूट उघडते, वीज गेली की स्प्रिंग ते मिटवते. थ्रस्टरमधलं तेल दाट झालं की ब्रेक उघडायलाही उशीर आणि मिटायलाही. उघडायला उशीर झाला तर मोटर मिटलेल्या ब्रेकशी झगडते आणि लायनिंग जळल्याचा वास येतो. मिटायला उशीर झाला तर बटण सोडल्यावरही हुक थोडा खाली सरकतो. सकाळच्या पहिल्या उचलीआधी थोडं वजन फूटभर उचलून थांबवा आणि ते थांबतं कुठे ते बघा. रोजच्यापेक्षा सरकलं तर आधी ब्रेक बघायचा, मग काम.

खरी थंडी: द्राक्षांची खोली

नाशिक जिल्ह्यात शून्य अंशात बारा-बारा तास काम करणारी यंत्रं आहेत आणि त्यांचा कुणी विचार करत नाही. पिंपळगाव, दिंडोरी, ओझरकडच्या पॅकहाउसमधले फोर्कलिफ्ट आणि स्टॅकर. जानेवारी ते एप्रिल हंगाम. द्राक्ष तोडल्यावर प्री-कूलिंगमध्ये त्याची उष्णता काढतात, मग शून्य-एक अंशाच्या खोलीत, नव्वद टक्क्यांवरच्या दमटपणात ठेवतात.

अशा खोलीतल्या फोर्कलिफ्टला थंडीपेक्षा ये-जा जास्त महागात पडते. मास्ट, म्हणजे फोर्क वर-खाली नेणारा उभा सांगाडा, शून्य अंशाला गार झालेला असतो आणि दुपारी तो तीस अंशांच्या डॉकवर, माल चढवायच्या ओट्यावर, येतो. फ्रिजमधून काढलेल्या तांब्यासारखा त्याला घाम सुटतो. तो घाम फक्त पत्र्यावर सुटत नाही. कंट्रोलर, कॉन्टॅक्टर, लिमिट स्विच, कनेक्टर, सगळ्यांच्या आत पाणी बसतं. आठवड्याभरात स्विच हिरवे पडतात आणि मग फोर्क कधी उचलतो, कधी नाही. शक्य असेल तर एक यंत्र आत आणि एक बाहेर ठेवा, पॅलेट दाराशी सोपवा. दुसरं यंत्र परवडत नसेल तर दर पाळीच्या शेवटी ते बाहेर पूर्ण सुकू द्या, ओलं असताना परत आत ढकलू नका. मास्टच्या साखळीला पाणी दूर सारणारं वंगण लावा, थंडीत घट्ट होणारं स्वस्त ग्रीस नको.

बॅटरी आत चार्जिंगला लावू नये. थंड बॅटरी चार्ज नीट घेत नाही, शिवाय चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो आणि बंद खोलीत त्याला जायला वाट नसते. बाहेर, उघड्या हवेशीर जागेत. आणि ओल्या डॉकवर चाक घसरतं, तेव्हा उताराच्या जागी वेग आवरा.

दोर, हुक आणि लोखंड

वायर रोपवरचं ग्रीस थंडीत कडक होऊन पोपडे धरतं. वरून दोर काळा-चकचकीत दिसतो आणि पोपड्याखाली दव शिरून गंज चालू असतो. जुनं ग्रीस तारेच्या ब्रशने काढून पातळ, आत झिरपणारं वंगण लावा. तेव्हाच तुटलेल्या तारा मोजता येतात. उघड्या हाताने दोर पुसू नका, एक तुटकी तार तळवा फाडते. चेन स्लिंग आणि पॉलिएस्टरच्या पट्ट्यांना नाशिकची थंडी काहीच करत नाही, त्या उणे ४० पर्यंतच्या असतात. पट्टी ओली ठेवू नका, एवढंच. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २९ ने साखळ्या, दोर आणि उचल-यंत्रांची बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी सक्तीची केली. ती नोव्हेंबरात लावून घेतली तर तपासणी आणि हिवाळ्याची तयारी, दोन्ही कामं होतात.

लोखंडाबद्दल थोडं सविस्तर. साधं पोलाद तापमान उतरलं की एका टप्प्यावर स्वभाव बदलतं. एरवी ते आधी वाकतं, मग तुटतं. त्या टप्प्याखाली काचेसारखं, न वाकता तडकतं. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेत पोर्टलंडच्या गोदीत ‘स्केनेक्टडी’ नावाचं नवंकोरं टँकर जहाज शांत पाण्यात उभं असताना जवळपास दोन तुकड्यांत फाटलं. वादळ नाही, धडक नाही. हवा उणे ३ अंशांच्या आसपास, पाणी ४ च्या. पोलादाचा दर्जा आणि वेल्डिंगच्या जागेतले दोष, दोन्ही थंडीने उघडे पाडले. तेव्हापासून पोलाद किती अंशांपर्यंत चिवट राहतं, हे तपासून विकण्याला महत्त्व आलं.

पोलादाच्या आपल्या मानकात, आयएस २०६२ मध्ये, हे अक्षरांतच आहे. ‘बीआर’ची आघात चाचणी नेहमीच्या तापमानाला, ‘बी०’ची शून्याला, ‘सी’ची उणे २० ला. नाशिकच्या आठ अंशांवर चांगलं पोलाद तडकत नाही. मला धास्ती असते ती भंगारातल्या अनोळखी प्लेटच्या लिफ्टिंग लगची (हुक अडकवायला वेल्ड केलेल्या कानाची), सकाळी सहाला दव न पुसता वेल्ड केलेल्या. दवातला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी आतून बारीक तडा जातो. ७०१८ चा (कमी हायड्रोजनचा) वेल्डिंग रॉड ओव्हनमधून काढलेला असावा, प्लेट पुसून, थोडी शेकून मग वेल्ड करा. दहाला उन्हात केलेलं वेल्ड सहाच्या घाईपेक्षा कधीही बरं.

मशीन उत्तरेला निघालं तर

बोगदे, पूल, रस्ते यांच्या कामावर महाराष्ट्रातली यंत्रं काश्मीर-लडाखला जातात. तिथे आपले सगळे अंदाज उलटे पडतात. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी असेल तर पहिल्याच रात्री ब्लॉक फुटू शकतो, कारण पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं. निम्मं कूलंट, निम्मं शुद्ध पाणी या मिश्रणाने उणे ३५ पर्यंत निभावतं. अर्धवट उतरलेली बॅटरी तिथे गोठते. पूर्ण भरलेली गोठायला उणे ५५ च्याही खाली जावं लागतं, पण पार उतरलेली उणे १० ला बर्फ होते. डीईएफ (इंजिनाचा धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) उणे ११ ला गोठतं. इथून टाकी भरून नेलेलं डिझेल तिथे चालवू नका. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ पर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल आणलं, ते तिथे गेल्यावर भरा.

बऱ्याच मोबाइल क्रेनची पुस्तिका उणे २० ची हद्द घालते. त्याखाली काम करायचं की नाही आणि केलं तर किती वजनाने, हे निर्मात्याला लेखी विचारायचं, साइटवरच्या शहाण्यांना नाही. वजन जमिनीला बर्फाने चिकटलेलं असेल तर क्रेनने हिसका देऊन ओढू नका, आधी पहारीने सोडवा. सुटल्या क्षणी बूम उसळते. रात्री टायरखाली आणि जॅकखाली लाकडी स्लीपर टाका, नाहीतर सकाळी चाकं चिखलात थिजलेली सापडतात. सिग्नल देणारा माणूस कान बांधून उभा असतो, त्याला हॉर्न ऐकू येत नाही. खुणा आधी ठरवा.

आणि परत येताना सगळ्यात जास्त विसरलं जातं ते तेल. तिथे टाकलेलं व्हीजी ३२ घेऊन मशीन एप्रिलमध्ये नाशिकला उतरतं आणि पाथर्डी फाट्यावर उभं राहतं. सकाळी एकदम गुळगुळीत चालतं, ऑपरेटर खूश. दुपारी एकला बूम वजन धरून ठेवत नाही. तेव्हा ट्रेलरवरून उतरवल्याच्या पहिल्या दिवशीच ते तेल काढून टाका, फिल्टरसकट.